मीठ घातलेलं ताट

वादळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे तेव्हा आमच्या घरांना छपरं होती. कारियाकू बेटावरच्या आमच्या लेस्टेर गावात कोणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक असतं असं आम्ही छाती फुगवून सांगतो, पण ते काही खरं नाही. मावशीच्या घरात काय शिजत होतं ते चाळीस वर्षं कोणालाच कळलं नव्हतं.

आमच्या आवारात दोन घरं. एक आईचं, एक थेलियामावशीचं. मध्ये आंब्याचं झाड, पावसाच्या पाण्याची टाकी आणि बाबांच्या कबरीवरचा दगड. मावशी थोरली, आई धाकटी, पण तोंडाने आईच थोरली. वर्षभर दोघी एकाच टाकीचं पाणी प्यायच्या, एकमेकींच्या कोंबड्यांना शिव्या द्यायच्या, एकीला ताप आला की दुसरी सूप घेऊन जायची. पंचवीस ऑक्टोबर आला की मात्र दोघींत बोलणं बंद. त्या दिवशी आई पांढरा झगा घालून चर्चला जायची आणि मावशी घराबाहेर पाऊल टाकायची नाही.

पंचवीस ऑक्टोबर म्हणजे आमचा आभार मानायचा दिवस. सरकारी सुट्टी. कोणाचे आभार, कशाबद्दल, हे विचारलंत तर ग्रेनाडात, म्हणजे आमच्या देशात, आजही चांगली जुंपते. चार वर्षं आधी सत्तेवर आलेली आमची क्रांती त्र्याऐंशी साली आपल्याच माणसांवर उलटली. नेत्याला त्याच्याच सोबत्यांनी कोंडून घातलं. एकोणीस ऑक्टोबरला लोकांनी त्याला सोडवलं आणि सगळा घोळका राजधानीतल्या किल्ल्यावर गेला. तिथे गोळीबार झाला. नेता गेला, त्याच्याबरोबर आणखी किती गेले ह्याचा मेळ आजवर लागलेला नाही, आणि कित्येकांची प्रेतंसुद्धा मिळाली नाहीत. सहा दिवसांनी, पंचवीस तारखेला, अमेरिकेचं सैन्य उतरलं आणि तुरुंगाची दारं उघडली.

त्या तुरुंगात माझे बाबा होते. कनूट त्यांचं नाव. होडी बांधायचे, आणि दारूच्या दुकानात बसून क्रांतीच्या सरकारबद्दल वाटेल ते बोलायचे. बोलणं नडलं आणि एका सकाळी त्यांना उचलून नेलं. आठ महिने त्यांचा पत्ता नव्हता. दार उघडल्यावर ते मिळेल त्या होडीने कारियाकूला परत आले. मी आठ वर्षांची होते. धक्क्यावर उतरलेला तो दाढीवाला माणूस मी ओळखला नाही आणि आईच्या झग्यामागे लपले, एवढं मला आठवतं.

आणि किल्ल्यावर गेलेल्यांत रॉल होता. मावशीचा एकुलता एक मुलगा. वीसही पुरे नव्हते. क्रांतीचं त्याला भारी वेड. लोकसेनेचा सदरा घालून गावात मिरवायचा आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवायचा. त्याला किल्ल्याचा चढ चढताना कोणीतरी पाहिलं होतं. उतरताना कोणी पाहिलं नाही.

म्हणजे त्याच आठवड्याने एका बहिणीला नवरा परत दिला आणि दुसरीचा मुलगा नेला. आता ह्या दोघींनी एकाच दिवशी एकाच देवाचे आभार कसे मानायचे ते तुम्हीच सांगा.

पहिली काही वर्षं सुट्टीचा थाट मोठा होता. शाळेतून आम्हाला इस्त्री केलेल्या कपड्यांत चर्चला नेत, हातात कागदी झेंडे देत, दोन देशांचे. पाद्री सुटकेवर प्रवचन द्यायचे, बायका रडायच्या, आईचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. पुढे झेंडे एकाच देशाचे झाले. मग तेही नाहीसे झाले. रेडिओवर मंडळी भांडू लागली, ही सुटका की आक्रमण, आणि जे तेव्हा जन्मालाही आले नव्हते ते सर्वांत जास्त ओरडायचे. हळूहळू तो दिवस समुद्रावर मासे भाजण्याचा, बियर पिण्याचा झाला. माझ्या दुकानात त्या दिवशी चांगली विक्री व्हायची, तेव्हा मी तक्रार करणार नाही. मग त्या वर्षी, चाळीस वर्षं भरली तेव्हा, सरकारने एकोणीस तारखेचीही सुट्टी दिली, गेलेल्यांच्या नावाने. एकाच आठवड्यात एक दिवस शोकाचा आणि एक आभाराचा. बाकी देशाला त्याचं नवल वाटलं. आमच्या आवारात ते दोन दिवस कधीपासून समोरासमोर घर करून राहत होते.

आता ताटाचं सांगते. आमच्याकडे गेलेल्यांना जेवू घालतात. आतल्या खोलीत छोट्या टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, पेल्यात पाणी, थोडी रम, आणि ताटात कोंबडी, मक्याच्या पिठाचा घट्ट कूकू, भाताचे वळलेले गोळे. त्या ताटात मीठ घालत नाहीत. मीठ खाल्लं की आत्मा जड होतो, त्याला पाण्यावरून परत जाता येत नाही, असं आमच्यात आफ्रिकेतून आणलेल्या पूर्वजांपासून मानतात. रात्रभर ताट तसंच राहतं आणि सकाळी पोरं ते लुटतात.

मावशी दर पंचवीस ऑक्टोबरला ताट मांडायची. आतल्या खोलीत नाही, बाहेर जेवणाच्या टेबलावर, रॉलच्या खुर्चीसमोर. मेणबत्ती लावायची नाही. म्हणायची, वारा आहे, विझते. वारा असणारच, कारण त्या दिवशी तिचं पुढचं दार सताड उघडं असायचं. पाऊस आत आला तरी उघडं. दुसऱ्या दिवशी पोरांना ती ताटाला हात लावू द्यायची नाही, स्वतःच समुद्रावर नेऊन रिकामं करायची. गावाने ह्या सगळ्याचा आपापला अर्थ लावला होता. पोरगा गेला हे हिने मनाशी मानलंय, पद्धतीत थोडं इकडेतिकडे करते, दुःखाला काय नियम, असं म्हणून लोक तिच्या दारावरून जाताना टोपी काढायचे.

राहिला होता तो दगड. ताट मांडलं म्हणजे माणूस जेवला, पण दगड बसवल्याशिवाय तो टेकत नाही. आमच्याकडे मरणानंतर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, जेव्हा जमेल तेव्हा दगड बसवतात. साता समुद्रापलीकडची माणसं त्यासाठी घरी येतात, ढोल वाजतात, गाव जेवतं. बाबांचा दगड आम्ही असाच बसवला होता. त्या वर्षी आईला घेरी यायला लागली, डॉक्टरने हृदयाचं काहीतरी सांगितलं, आणि तिच्या डोक्यात एकच भरलं, रॉलचा दगड बसलेला बघायचा आणि मग मरायचं. तारीखही तिनेच ठरवली, पंचवीस ऑक्टोबर. गॉडविन गवंड्याला सिमेंटचा दगड ओतायला सांगितला. ब्रुकलिनहून माझा भाऊ अल्स्टन, हडर्सफील्डहून चुलतबहिणी, सगळ्यांना कळवलं. मी म्हटलं, मावशीला विचारलंस का? तर म्हणाली, "विचारायचं काय त्यात? चाळीस वर्षं ताट मांडतेय ना ती? दगडाला कशाला नाही म्हणेल? आयत्या वेळी बघितलं की बरं वाटेल तिला."

मला ते पटलं. ताट मांडणारी बाई दगडाला नाही म्हणणार नाही, हे आमच्या बेटावर कोणालाही पटलं असतं.

तेवीस तारखेला दुपारी गॉडविन दगड घेऊन आला. मावशी झाडाखाली अंगण झाडत होती. गॉडविनने आणि त्याच्या माणसाने दगड टेम्पोतून उतरवला, टाकीला टेकवून ठेवला आणि वरचं गोणपाट काढलं. रॉलचं नाव, जन्माची तारीख, आणि खाली दुसऱ्या तारखेची जागा मोकळी. मावशीने झाडू खाली ठेवला. जवळ जाऊन अक्षरांवरून बोट फिरवत तिने ते वाचलं. तिला वाचायला रॉलनेच शिकवलं होतं.

"कोण मेलंय?" तिने विचारलं.

आई ओट्यावरून खाली आली. काठी विसरूनच आली. "ताई, आता पुरे ना. पोराला टेकू दे. सगळे यायला निघालेत."

"मी विचारलं, कोण मेलंय?"

"अगं, तूच नाही का ताट मांडत त्याचं? मला वाटलं, तू मानलंयस. सगळ्या गावाला तेच वाटतं."

मावशीने दगडावरचं बोट उचललं. मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या ताटात मीठ असतं, इस्मे."

गॉडविनने डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. चाळीस वर्षं आम्ही ज्या ताटाला मान देत होतो ते मेलेल्याचं नव्हतंच. ते बाहेरून दमूनभागून घरी येणाऱ्या पोराचं जेवण होतं. म्हणून मेणबत्ती नव्हती, म्हणून दार उघडं होतं, आणि अन्न न खाता उरलं की ते कोणाला दिसू नये म्हणून समुद्र होता. आणि आम्ही टोप्या काढत होतो.

आई मटकन दगडाशेजारी खाली बसली. मला वाटलं, गेली. मी पाणी आणलं ते तिने हाताने बाजूला केलं.

"म्हणजे लागलंच ते," ती म्हणाली. "माझंच लागलं."

आणि मग तिने गवंड्यादेखत, माझ्यादेखत ते सांगितलं. बाबांना नेलं त्यानंतर काही महिन्यांनी रॉल सदरा घालून दारात आला होता. म्हणाला, मावशी, काळजी करू नको, चार प्रश्न विचारतील आणि सोडतील. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याला म्हणाली, तुझी आईसुद्धा माझ्यासारखीच दाराकडे बघत बसू दे, म्हणजे कळेल तुला. त्यानंतर पंधरा दिवसांत पोरगा गेला.

"मर म्हटलं नव्हतं गं मी," आई म्हणाली. "दाराकडे बघत बसू दे म्हटलं. आणि तू बसलीस. लोकांना वाटतं मी चर्चमध्ये आभार मानते. चाळीस वर्षं मी देवाकडे एकच मागतेय, माझे शब्द परत घे. तू ताट मांडलंस तेव्हा वाटलं, चला, निदान ही वाट तरी बघत नाही."

मला रडू आलं. आईचा तो सगळ्यांच्या वर चढणारा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि मला त्याची लाज वाटायची. फार मिरवते, असं वाटायचं.

मावशीने झाडू उचलला. उरलेलं अंगण झाडून पुरं केलं आणि घरात गेली. दगड तसाच टाकीला टेकून राहिला. गॉडविनने जाताना त्याच्यावर गोणपाट घातलं.

दुसऱ्या दिवशी बोटीने सगळे आले. आम्ही त्यांना काय सांगणार? ढोलवाल्यांना थांबायला सांगितलं, आणलेले बोकड बांधून ठेवले. अल्स्टन म्हणाला, म्हातारीला कोणीतरी समजवा, चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, तू जा की समजवायला, एवढा ब्रुकलिनचा शहाणा. तो काही गेला नाही.

पंचवीस तारखेला पहाटे मावशीने खिडकीतून मला हाक मारली. "व्हर्ना, नारळ किसायला ये. हात दुखतात माझे." गेले. चूल पेटली होती, कोंबडी कापून ठेवलेली. मी खाली मान घालून नारळ किसत राहिले. तिच्या चुलीवर दोन पातेली होती, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

"तुझ्या आईचं ते बोलणं मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "रॉलनेच सांगितलं घरी येऊन. रागावला नव्हता. म्हणाला, मावशीचं बरोबर आहे, मी नुसता बोलतो. काकांना आणल्याशिवाय तिला तोंड दाखवणार नाही. मग मी त्याला मासे बांधून दिले, पाव दिला, कनूटसाठी. ते घेऊन तो बोटीत चढला. किल्ला वगैरे काही नव्हतं त्याच्या मनात. कनूटला आणायला गेला होता तो."

माझा हात थांबला.

"मग पंचवीसला दारं उघडली आणि कनूट आला. मला वाटलं, ज्याला आणायला गेला तो आला, आता हा किती लांब असणार? म्हणून त्या दिवशी स्वयंपाक करून ठेवायची. आलाच तर उपाशी नको."

"तू आईला कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुझ्या जिभेने माझा पोरगा बोटीत बसवला म्हणून? तिच्या अंगात तेवढा जीव आहे का? तूही सांगायचं नाहीस. कीस तो नारळ."

मी किसला. आई आता नाही, म्हणून इथे सांगतेय.

ऊन वर आलं. चर्चची घंटा वाजली. आई पांढरा झगा घालून ओट्यावर आली, दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच उभी राहिली. घंटा थांबली तरी ती उभीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या दिवशी चर्चला गेली नाही. अंगणात सगळी पाहुणेमंडळी जमली होती, हडर्सफील्डच्या बहिणींना तर हात कुठे ठेवावेत तेही कळत नव्हतं. गॉडविन अवजारांची पेटी घेऊन आला होता, बोलावलं म्हणून नाही, सवयीने.

मावशी दारात आली. त्याला म्हणाली, "मोकळी जागा सोडलीयेस ना? एकोणीस लिही. ऑक्टोबर. साल तुला माहीत आहे."

गॉडविन म्हणाला, "आणि मावशी, दगडाखाली काय ठेवायचं? कपडा, काही वस्तू?"

"काही नाही. खाली काही नाहीये तर नाहीये. खोटं कशाला करायचं?"

मग ती आत गेली आणि लहान पातेल्यातलं अन्न एका ताटात वाढलं. आतल्या खोलीत छोटं टेबल होतं, त्यावर पांढरं कापड केव्हाच घातलेलं. मला म्हणाली, चाखून बघ. मी बोटाने कूकूचा कण जिभेवर ठेवला. अळणी होता. तिने ताट ठेवलं, पाणी ठेवलं, रम ओतली आणि मेणबत्ती लावली. वारा होता, पण विझली नाही. तिथे उभं राहून ती म्हणाली, "जेव बाळा," आणि तिचा आवाज फुटला. मी तिला धरायला गेले तर तिने मला कोपराने मागे सारलं.

बाहेरच्या खोलीत येऊन तिने दुसरं ताट वाढलं, मोठ्या पातेल्यातलं, आणि नेहमीसारखं रॉलच्या खुर्चीसमोर ठेवलं. मला कळेना. दारातून तिने हाक मारली, "इस्मे, उभी काय राहिलीस? ये."

आई काठी टेकत आली. पंचवीस ऑक्टोबरला त्या घरात पाऊल टाकायची तिची चाळीस वर्षांतली पहिलीच वेळ. मावशीने खुर्ची ओढून दिली.

"ही त्याची आहे," आई म्हणाली.

"त्याला आत वाढलंय. हे मीठ घातलेलं आहे. जिवंत माणसाचं आहे. बस."

आई बसली. पहिला घास तोंडात घातला आणि तिचे ओठ थरथरायला लागले, पण ती चावत राहिली. मावशी समोर बसून तिच्याकडे बघत होती.

"मीठ बरोबर आहे?"

"बरोबर आहे, ताई."

बाहेर गॉडविनची छिन्नी सुरू झाली होती. पावसाची सर आली आणि उंबऱ्यावरून पाणी आत वाहायला लागलं. मावशी उठली, तिने दार लावून घेतलं आणि परत येऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं.